मनोभावना आणि प्रभु येशूची सोबत

(ज्युबिली सप्ताहांतील एका सायंकाळीं धर्मग्रामवासीयांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या सप्ताहांत आपल्या मंदिराला नवा रंग लागला आहे, दारावर तोरणें बांधलीं आहेत, घंटेची दोरीसुद्धां नवी आहे. नोकरीधंद्यासाठीं मुंबईस गेलेलीं आपलीं माणसें रजा काढून घरीं आलीं आहेत. अशा प्रसंगीं गतवर्षांचा हिशेब सांगावा, बाप्तिस्मे किती झाले, लग्नें किती लागलीं, छपरावर खर्च किती आला हें वाचून दाखवावें, अशी रीत आहे. तो हिशेब या पुस्तिकेंत दुसरीकडे छापला आहेच. आम्ही आज निराळाच एक हिशेब आपल्यापुढें मांडणार आहों. या मंदिराच्या बांकांवर बसून इतक्या वर्षांत किती माणसें मुकाट्यानें रडलीं असतील, किती भ्यालीं असतील, किती जणांच्या मनांत सख्ख्या भावाविषयींचा राग धुमसत असेल, आणि किती जणांचा आनंद पोटांत मावेनासा झाला असेल, याची नोंद आमच्या कोणत्याही वहींत नाहीं. ती नोंद प्रभूपाशीं आहे. आमचें आजचें सांगणें एवढेंच कीं, या मनोभावनांना प्रभूच्या वाटेंतील धोंड समजूं नका. आपल्या घराला जें दार आहे तें हेंच आहे. याच दारानें तो आंत येऊं पाहतो.

हें आम्ही ग्रंथांतून शिकलों असें म्हणवत नाहीं. ग्रंथांत तें होतें. आम्हांस दिसलें नाहीं. तें आम्हांस एका माउलीनें दाखविलें, आणि त्यापूर्वीं आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक सांगूनच आरंभ करितों.

आमची गुरुदीक्षा होऊन थोडींच वर्षें लोटलीं होतीं. याच किनाऱ्यावरील एका गांवीं आम्ही नेमणुकीवर होतों. एका विधवा बाईचा एकुलता मुलगा, वय बाविसाच्या आसपास, मासेमारीच्या होडीवर गेला. होडी परत आली, मुलगा आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं समुद्रानें त्याचा देह परत दिला. आम्ही घरीं गेलों तेव्हां ओटीवर बायकांचा आकांत चालला होता. आमच्या अंगावर पांढरा झगा होता आणि डोक्यांत सेमिनरींतलें ताजें ज्ञान होतें. आम्ही त्या माउलीजवळ गेलों आणि म्हणालों, "मावशी, रडूं नका. तुमचा मुलगा देवाघरीं सुखांत आहे. आपण ख्रिस्ती माणसें. आपण असें रडलों तर आपली श्रद्धा ती कोणती?" बाईनें पदरानें डोळे पुसले आणि ती गप्प झाली. आम्हांस वाटलें, आपल्या शब्दाला केवढें बळ आहे!

पुढें वर्षभर ती दर रविवारीं मिस्सेला येई. अगदीं मागच्या बांकावर बसे. ख्रिस्तप्रसाद घेण्यास पुढें येत नसे, कोणाशीं बोलत नसे. आम्ही मनाशीं म्हणालों, दुःख आहे, ओसरेल. मृत भक्तांच्या स्मरणाचा दिवस आला, २ नोव्हेंबर. सायंकाळीं आम्ही स्मशानभूमींत कबरींना आशीर्वाद देत फिरत होतों. समुद्राकडून वारा होता. त्या बाईची मेणबत्ती पेटतां पेटतां विझत होती. आम्ही वाकून तिच्या ज्योतीभोंवतीं हाताचा आडोसा केला. ज्योत स्थिर झाली, आणि वर न पाहतां बाई बोलली, "फादर, तुम्ही त्या दिवशीं म्हणालां, रडूं नका. तेव्हांपासून मी देवासमोर रडले नाहीं. घरीं चुलीपुढें रडतें. देवळांत आलें कीं आंतलें सगळें आवळून धरतें. जिला रडूं येतें तिनें त्याच्यासमोर जायचें तरी कसें?"

बंधूंनो, आम्ही त्या मेणबत्तीपाशीं तसेच वाकून उभे राहिलों. उत्तर सुचलें नाहीं. ज्या प्रभूकडे तिला न्यावयाचें त्याच्याच दारावर आम्ही कडी घालून ठेविली होती, आणि एका मातेला वर्षभर बाहेर बसविलें होतें. आम्ही तिला विचारलें, "मग या वर्षांत तुम्हांला आधार कोणाचा होता?" ती म्हणाली, "शेजारणीचा." शेजारीण कोळ्यांची, आपल्या धर्माची नव्हे. प्रेत घरीं आणलें त्या रात्रीं ती येऊन भिंतीला टेकून बसली. एक शब्द बोलली नाहीं. पहांटे उठून तिनें चूल पेटविली, पेज केली, आणि हिच्या हातांत वाटी दिली. "तिला प्रभूनेंच धाडलें असेल, नाहीं का फादर?" असें त्या बाईनें आम्हांस विचारलें. वास्तविक तें आम्हीं तिला सांगावयाचें होतें.

त्या रात्रीं आम्ही संत योहानाचें शुभवर्तमान उघडलें आणि अकरावा अध्याय वाचला. तो आम्ही पूर्वीं कितीदां तरी वाचला होता, त्यावर परीक्षाही दिली होती. बेथानी गांवीं लाजारस मरण पावला आहे. त्याला कबरींत ठेवून चार दिवस झाले आहेत. प्रभु येतो. मार्था गाऱ्हाणें करिते कीं, तूं वेळेवर असतास तर माझा भाऊ गेला नसता. मरियाही तेंच म्हणते. प्रभु दोघींपैकीं एकीलाही गप्प करीत नाहीं. लोकांचा शोक पाहून त्याचें अंतःकरण हेलावतें, आणि कबरीकडे जातांना त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहूं लागतात. आतां ध्यानांत घ्या: थोड्याच वेळानें आपण याच लाजारसाला हांक मारून उठविणार आहों हें त्याला ठाऊक होतें. पुनरुत्थानाविषयीं त्याच्याइतकी खात्री कोणाला असणार? तरीही तो रडला. मग अश्रू म्हणजे अश्रद्धा हें आम्हीं कोणत्या शुभवर्तमानांतून काढलें होतें?

कांहीं दिवसांनीं आम्ही त्या बाईच्या घरीं गेलों. पडवींत बसून तो अध्याय तिला सावकाश वाचून दाखविला, आणि आमची चूक कबूल केली. तिनें एकच प्रश्न केला: "म्हणजे, तोही रडला?" एवढें विचारून ती रडूं लागली, आणि आमच्यानेंही डोळे कोरडे ठेववले नाहींत. त्यानंतरचे कांहीं रविवार ती मागच्याच बांकावर होती. नाताळच्या मध्यरात्रींच्या मिस्सेला ती इतरांबरोबर पुढें आली.

या प्रसंगानंतर सेमिनरींत शिकलेलें ईश्वरशास्त्र आम्हांस नव्यानें कळूं लागलें. ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत कांहीं लोक म्हणत कीं, देवाच्या पुत्राला देह दिसायला होता, खरा नव्हता. तो भुकेला, रडला, भ्याला हें सारें वरवरचें. ऐकणाऱ्याला यांत देवाचा मोठा गौरव वाटे. ख्रिस्तसभेनें तो गौरव नाकारला. इ. स. ४५१ साली काल्सेदोन येथें भरलेल्या विश्वपरिषदेनें शिकविलें कीं, प्रभु येशु पूर्ण देव आहे व पूर्ण मनुष्यही आहे; पाप सोडून सर्व बाबतींत आपल्यासारखा. पुढें ६८० व ६८१ साली कॉन्स्तांतिनोपल येथील परिषदेनें त्याला खरीखुरी मानवी इच्छा होती हेंही ठासून सांगितलें. संत थोमास आक्विनास यांनीं आपल्या महाग्रंथाच्या तिसऱ्या भागांत ख्रिस्ताचें दुःख, त्याचें भय, त्याचा विस्मय आणि त्याचा राग यांचा एकेक करून विचार केला आहे, आणि हे सर्व भाव त्याच्या ठायीं खरे होते असा निर्णय दिला आहे. आपल्या घरोघरीं पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्यापुढें तांबडा दिवा असतो. त्या भक्तीवर पोप पायस बारावे यांनीं १९५६ साली विश्वपत्र लिहिलें. आणि पोप फ्रान्सिस यांनीं आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, पुन्हां त्याच हृदयाविषयीं विश्वपत्र प्रसिद्ध केलें. आपण ज्या हृदयापुढें गुडघे टेकतों तें दगडी मूर्तीचें नाहीं. तें धडधडणारें आहे. आपण जें जें सोसतों त्याची त्याला ओळख आहे.

आतां भयाविषयीं बोलूं. कारण समुद्राकांठीं राहणाऱ्या माणसाला भय शिकवावें लागत नाहीं. ३ जून २०२० हा दिवस आपण कोणी विसरलों नाहीं. 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या याच रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत पिढ्यानुपिढ्या जोपासलेल्या नारळीपोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या, घरांचे पत्रे कागदासारखे उडाले. तो महामारीचा काळ होता. मंदिरें भाविकांसाठीं बंद होतीं, आजारी माणसाच्या अंगाला हात लावण्याचीही चोरी होती. त्या दुपारीं आम्ही एकटेच जिन्याखालीं बसलों होतों. हातांत जपमाळ होती, पण एक मणी पुढें सरेना. नेहमींच्या प्रार्थनेचे शब्दच आठवेनात. तोंडांतून एवढेंच निघालें, "अरे, तूं झोपलास कीं काय?" आणि लगेच लाज वाटली, धर्मगुरूनें असें बोलावें काय?

वारा शमल्यावर कंदिलाच्या उजेडांत आठवलें कीं, ही तर आपल्या आधीं पेत्राची आणि त्याच्या सोबत्यांची प्रार्थना आहे. संत मार्कानें ती चौथ्या अध्यायांत नोंदविली आहे. गालील समुद्रांत वादळ उठलें, होडींत पाणी भरूं लागलें, आणि प्रभु मागच्या बाजूस उशीवर डोकें ठेवून झोपला होता. शिष्यांनीं त्याला उठविलें तें नम्र विनंती करून नव्हे. आम्ही बुडत असतां तुला कांहींच कसें वाटत नाहीं, अशा रागाच्या सुरांत उठविलें. प्रभु उठला. त्यानें आधीं वाऱ्याला दटाविलें, समुद्राला शांत केलें, आणि मग त्यांच्या भित्रेपणाविषयीं त्यांना विचारलें. हा क्रम तांडेलाच्या ध्यानांत चटकन येईल: आधीं होडी सांवरावी, बोलणें मागून. भय वाटलें म्हणून त्यानें कोणाला होडींतून उतरविलें नाहीं. आणि एक गोष्ट आणखी पाहा. दिवसभराच्या श्रमानें तो इतका थकला होता कीं, वादळांतही त्याला झोप लागली. ज्याला आपल्यासारखा थकवा येतो असा देव आपल्या होडींत आहे. पहांटे बाजार गांठण्यासाठीं डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या आमच्या भगिनींनीं शोमरोनच्या विहिरीवरची गोष्टही आठवावी. भर दुपारीं दमून बसलेल्या प्रभूनें एका परक्या बाईजवळ पाणी मागितलें. ज्यानें समुद्र निर्माण केले त्याचा घसा कोरडा पडला होता.

याहून खोल भावना एकटेपणाची. ती आपल्या या भूमीनें फार पाहिली आहे. कुंडलिकेच्या मुखाशीं उभे राहून पाहिलें तर उत्तरेस रेवदंड्याचा कोट दिसतो आणि दक्षिणेस कोर्लईचा डोंगर. कोटांत पडक्या मंदिरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. ज्याला लोक सातखणी बुरूज म्हणतात तो मनोरा फ्रान्सिस्कन संन्याशांच्या संत बार्बारा मंदिराचा होता. १७४० साली चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेलें. अधिकारी गेले, शिपाई गेले, ज्यांच्यापाशीं पैसा होता तेही गेले. गरीब, शेतांत राबणारीं ख्रिस्ती माणसें मागें राहिलीं आणि कोर्लईच्या डोंगरापायथ्याशीं वस्ती करून टिकलीं. ज्यांची भाषा ते बोलत होते ते लोक कायमचे निघून गेले. भाषा मात्र यांच्या चुलीपाशीं राहिली. पोर्तुगीजपासून बनलेल्या आणि मराठीच्या शेजारांत वाढलेल्या त्या बोलीला कोर्लईकर 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आंतबाहेर असतील. जगांतले विद्वान तिचा अभ्यास करण्यास येतात. अमेरिकेंतील भाषापंडित जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्हांस मात्र त्या बोलींत एक निराळी गोष्ट ऐकूं येते. ज्यांना सारे सोडून गेले त्यांनीं प्रभूला सोडलें नाहीं. आणि प्रभूनेंही त्यांना सोडलें नाहीं. कोर्लईचें मंदिर कार्मेल पर्वताच्या मातेला वाहिलेलें आहे. तिचा सण १६ जुलैला येतो, भर पावसांत, जेव्हां समुद्र बंद असतो आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. जेव्हां बाहेरच्या सगळ्या वाटा मिटलेल्या असतात नेमकी तेव्हां ही माता आपल्या लेकरांना जवळ बोलावते.

एकटें वाटणें हें दुबळ्या माणसाचें लक्षण आहे असें कोणी समजूं नये. संत फ्रान्सिस झेवियर हे किती धीराचे पुरुष होते हें आपण जाणतां. त्यांनीं १५४६ साली दूर पूर्वेकडील अंबोइना बेटावरून आपल्या बंधूंना लिहिलें कीं, तुमच्या पत्रांखालच्या तुमच्या हाताच्या सह्या मीं कापून घेतल्या आहेत आणि त्या सदैव अंगावर बाळगतों. ज्यानें हजारोंना बाप्तिस्मा दिला तो संत आपल्या मित्रांच्या सह्यांचे चिटोरे उराशीं धरून हिंडत होता! आमच्या ज्या माउल्यांनीं परदेशीं गेलेल्या मुलाचा फोटो जपमाळेच्या डबींत ठेविला आहे त्यांनीं लाजूं नये.

आणि संतांचें तरी कशाला? गेथसेमनीच्या बागेंत प्रभूनें स्वतः सोबत मागितली. पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेऊन तो गेला, मनाची व्यथा त्यांना सांगितली, आणि थोडा वेळ आपल्यासंगें जागे राहा असें त्यांना विनविलें. ते झोपी गेले. तो तीनदां परत आला, आणि तिन्हीं वेळां ते झोपलेलेच होते. आविलाची संत तेरेजा, जिनें कार्मेल संघांत सुधारणा घडविली आणि १५६२ साली आपला पहिला मठ स्थापिला, ती आपल्या आत्मचरित्रांत सांगते कीं, जेथें प्रभु अगदीं एकटा दिसे त्या प्रसंगांचें चिंतन केल्यानें तिला अधिक लाभ होई. रात्रीं झोपण्यापूर्वीं ती मनानें त्या बागेंत जाई आणि त्याला सोबत करी. बंधूंनो, ही गोष्ट फार मोठी आहे. आपण नेहमीं म्हणतों, प्रभु, मला सोबत दे. तेरेजा म्हणे, तूं एकटा आहेस, मी तुझ्याजवळ बसतें. सोबत ही दोन्हीं बाजूंनीं असते. रात्रीं अंथरुणावर तुम्हांला झोप येत नसेल, मुलाच्या नोकरीची, सुनेच्या बाळंतपणाची, कर्जाच्या हप्त्याची काळजी छातीवर बसली असेल, तेव्हां प्रार्थना जमत नाहीं म्हणून कष्टी होऊं नका. त्याच्याबरोबर जागे राहा. त्याच्या तीन मित्रांना जें जमलें नाहीं तें त्या रात्रीं तुम्हांला जमलें आहे.

रागाविषयीं थोडक्यांतच सांगतों. सब्बाथाच्या दिवशीं, वाळलेल्या हाताच्या एका माणसाला बरें करावें कीं नाहीं यावरून परूशी मूग गिळून बसले, तेव्हां प्रभूनें सभोंवार रागानें पाहिलें आणि त्याच वेळीं त्यांच्या मनाच्या कठोरपणाचें त्याला दुःखही झालें, असें संत मार्क सांगतो. राग आणि दुःख एकत्र. आपल्या रागाची पारख करण्यास ही कसोटी पुरेशी आहे. ज्याच्यावर आपण रागावलों त्याच्याविषयीं आपल्याला दुःखही होतें काय? वाडीच्या हद्दीवरून जे दोन भाऊ दहा दहा वर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत, त्यांच्या रागांत दुःख उरलेलें नसतें. नुसती आढी असते. असा राग दाबून ठेवून वेदीकडे येऊं नका; तो उघडा करून आणा. तो प्रभूच्या हातीं दिलात तर त्यांतलें विष तो काढून घेईल.

येथें एक शंका कोणी घेईल कीं, फादर, मग मनांत येईल तसें वागावें कीं काय? नव्हे. वारा आणि सुकाणूं यांतला भेद आपण समुद्रावरचीं माणसें जाणतां. भावना म्हणजे वारा. वारा पडला तर शिडाची होडी जागची हलत नाहीं. पण सुकाणूं वाऱ्याच्या हातीं दिलें तर ती खडकावर जाते. प्रभूलाही बागेंत मरणाचें भय वाटलें, तें त्यानें लपविलें नाहीं, हा प्याला टळावा असेंही तो बोलला. परंतु सुकाणूं त्यानें पित्याच्या इच्छेकडेच ठेविलें. भय वाटणें हें पाप नाहीं. भयामुळें सत्य सोडणें हें पाप आहे. राग येणें हें पाप नाहीं. रागाला रात्रंदिवस घरांत पोसणें हें पाप आहे. भावना प्रभूपुढें ठेविली कीं ती त्याच्या सहवासांत वळणावर येते. लपविली कीं ती आंतल्या आंत कुजते.

आणि आनंद? आम्ही दुःखाच्या वेळीं मंदिरांत धांवतों आणि आनंद झाला कीं प्रभूला दाराबाहेर ठेवितों, जणूं त्याला आमचें हसणें आवडत नाहीं! काना येथील लग्नांत तो पाहुणा होता हें आपण विसरतों. संत योहानाच्या शेवटल्या अध्यायांत तर एक चित्र असें आहे कीं, तें आपल्याच किनाऱ्यावरचें वाटावें. रात्रभर जाळें टाकून शिष्यांच्या हातीं कांहीं लागलें नव्हतें. उजाडतांना कांठावर कोणी उभा होता, त्याच्या सांगण्यावरून जाळें टाकलें आणि तें ओढवेना इतकें भरलें. कांठावर येऊन पाहतात तों निखारे पेटलेले, त्यांवर मासा, जवळ भाकर. प्रभूनें स्वतः न्याहारी रांधली होती! तरीही तो त्यांना म्हणतो कीं, तुम्ही आतां धरलेले मासेही आणा. त्याच्यापाशीं होतें, तरी त्याला यांच्या कष्टाचेंही त्या न्याहारींत हवें होतें. योहान सांगतो कीं, मोठे मासे एकशें त्रेपन्न होते. पंडितांनीं या आंकड्याचे नाना अर्थ लाविले आहेत. आम्हांस वाटतें, ज्यानें जन्मभर जाळीं ओढलीं त्यालाच एवढ्या मोठ्या क्षणींही मासे मोजण्याचें सुचतें. पुनरुत्थित प्रभु समोर बसला आहे आणि पेत्राचे सोबती मासे मोजताहेत. आणि प्रभूला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. तुमच्या जाळ्याला चांगली मासळी लागली, पोर परीक्षा पास झाली, घरांत नातवंड आलें, तर त्या दिवशींही त्याला हांक मारा.

पण हांक मारावयाची कशी? आपल्या मराठी भाषेनें याचें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे. कचेरींत साहेबापुढें आपण 'आपण' म्हणतों, वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतों. परंतु आईला आणि देवाला 'तूं' म्हणतों. ज्याला 'तूं' म्हणतों त्याच्यापुढें अर्ज लिहून द्यावयाचा नसतो. तरीही आपण पुष्कळ जण प्रार्थनेला बसलों कीं तलाठ्याकडे दाखला मागावयास गेल्यासारखे बोलतों. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांनीं येथील माणसांची भाषा आत्मसात केली, आणि तारकाची कथा ओवींत गाइली; त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथें छापून झालें. परदेशांतून आलेल्या त्या धर्मगुरूला जें कळलें तें आपणांस कां कळूं नये? माणूस ज्या भाषेंत रडतो आणि भांडतो तीच भाषा प्रभूशीं बोलण्याची. तुमची बोली आगऱ्यांची असो, कोळ्यांची असो, कोर्लईची असो, तिच्यांत बोला. आपले शेजारी वारकरी जनाबाईची कथा सांगतात कीं, विठ्ठल येऊन तिच्यासंगें दळूं लागला. त्या कथेवर वाद घालण्याचें येथें कारण नाहीं. तींत मनुष्याच्या हृदयाची भूक दिसते. देव उंच गाभाऱ्यांत दूर बसलेला नको, जात्यापाशीं हवा. नाझरेथच्या एका सुताराच्या घरीं सुमारें तीस वर्षें राहून, हाताला घट्टे पाडून घेऊन, प्रभूनें त्या भुकेला उत्तर दिलें आहे.

तर या ज्युबिलीनिमित्त आम्ही तुमच्याकडे एकच देणगी मागतों. छपरासाठीं तुम्ही पुष्कळ दिलें आहे. रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं थोडा वेळ घरांतल्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढें बसा. आज दिवसांत मनांत सर्वांत मोठी भावना कोणती होती तें आठवा. ती चांगली कीं वाईट हें ठरवण्याची घाई करूं नका. ती आपल्या साध्या शब्दांत त्याला सांगा, आणि मग गप्प बसा. आणि दुसऱ्या दिवशीं शेजारीं कोणाच्या मनांत तीच भावना असेल तर त्याच्याकडे जा. तो आपल्या धर्माचा असो वा नसो. उपदेश करूं नका. त्या कोळणीनें केलें तसें भिंतीला टेकून बसा. आणि सकाळ झाली कीं चूल पेटवा. प्रभूची सोबत बहुतेक वेळां अशीच पायीं चालत येते.

ती माउली आतां या जगांत नाहीं. तिच्या कबरीवर आम्ही दर वर्षीं २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावतों. वारा असतोच. हाताचा आडोसा करून उभे राहिलों कीं तिचा प्रश्न पुन्हां ऐकूं येतो: म्हणजे, तोही रडला? होय मावशी, तोही रडला. आणि ज्यानें तुमचे अश्रू आपल्या अश्रूंत मिसळून घेतले त्यानें तुमच्या मुलाची भेट तुम्हांला घडविली असेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रभु येशू, तूं आमच्या होडींत थकून झोपलास, आमच्या विहिरीवर तहानलास, आमच्या कबरीपाशीं रडलास आणि आमच्या कांठावर न्याहारी रांधलीस. आमचें कोणतेंही मन तुला परकें नाहीं. या मंदिरांत यापुढें जो कोणी येईल, हसत येवो वा रडत, त्याला कोणी गप्प करूं नये असें कर. आणि जेथें कोणी एकटें बसलें असेल तेथें आमच्या पायांनीं तूं जा. आमेन.